डोळ्याच्या थेंबात एरंडेल कसं पोचलं

डोळ्यात औषधाचा थेंब टाकला की निम्मा गालावर ओघळतो, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. ड्रॉपरमधून पडणारा थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलिटरचा आणि डोळ्यात अश्रू असतात जेमतेम 7 मायक्रोलिटर, मग जास्तीचं थोडं गालावर येतं, थोडं नाकाच्या नळीतून घशात उतरतं (थेंब टाकल्यावर घशाला कडू लागतं ते यामुळेच) आणि डोळ्याच्या आत पोचतं ते 5 टक्क्यांपेक्षाही कमी. त्यात कॉर्नियाचा (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा) वरचा थर तेलात विरघळणाऱ्या औषधांना वाट देतो, तर खालच्या जाड थरातून पाण्यात विरघळणारी औषधं सोपी जातात. म्हणजे औषधाला दोन्ही जमलं पाहिजे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे सायक्लोस्पोरिन. नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरच्या मातीतली एक बुरशी स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत पोचली, 1972 मध्ये कळलं की तिच्यातला हा पदार्थ शरीराची प्रतिकारशक्ती दाबतो आणि 1983 मध्ये अमेरिकेत ट्रान्सप्लांटच्या पेशंटसाठी त्याला मंजुरी मिळाली. ऐंशीच्या दशकात जॉर्जिया विद्यापीठातल्या जनावरांच्या नेत्रतज्ज्ञ रेने कॅस्वन यांनी ते डोळे कोरडे पडलेल्या कुत्र्यांवर वापरून पाहिलं तर अश्रू परत यायला लागले! कुत्र्यांसाठी मलम 1995 मध्ये मंजूर झालं, माणसांना मात्र अजून थांबावं लागलं, कारण हे औषध पाण्यात जवळपास विरघळतच नाही, आणि नुसत्या तेलात घालून डोळ्यात टाकलं तर आग होते, वर समोरचं सगळं धूसर.

तेल हवं पण तेलकटपणा नको, यावरचा उपाय आपल्या रोजच्या दुधात दिसतो, पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे बारीक कण, म्हणजे इमल्शन. औषधांमध्ये ही युक्ती आधीच रुळली होती. 1943 मध्ये केंब्रिजच्या होर आणि शुलमन यांनी तेल-पाण्याची आरपार दिसणारी मिश्रणं मांडली, पुढे त्यांना मायक्रोइमल्शन नाव पडलं. 1962 मध्ये स्वीडनमध्ये इंट्रालिपिड आलं, म्हणजे सोयाबीन तेलाचं इमल्शन जे थेट शिरेतून देता येतं, आणि 1986 मध्ये भुलीचं प्रोपोफॉल त्याच वाटेने आलं.

नावांचा इथे फार गोंधळ होतो म्हणून सांगतो. मायक्रोइमल्शन आपोआप तयार होतं पण त्याला साबणासारखे पदार्थ, म्हणजे सर्फॅक्टंट, भरपूर लागतात आणि ते डोळ्याला झोंबू शकतात. नॅनोइमल्शन आपोआप होत नाही, मोठ्या दाबाखाली होमोजिनायझरमधून काढून तेलाचे कण साधारण 20 ते 200 नॅनोमीटरपर्यंत बारीक करावे लागतात, पण त्यात सर्फॅक्टंट कमी पुरतं. डोळ्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे.

डिसेंबर 2002 मध्ये अमेरिकेत ॲलर्गन कंपनीच्या रेस्टासिस या डोळ्याच्या थेंबाला मंजुरी मिळाली, 0.05 टक्के सायक्लोस्पोरिन, आणि ते विरघळवलंय कशात तर एरंडेलात! बुरशीतलं औषध सापडल्यापासून माणसाच्या डोळ्याच्या थेंबापर्यंत तीसेक वर्षं गेली, आणि त्यातला मोठा काळ औषध कशात घालायचं हे शोधण्यात गेला, असं माझं मत. 2008 मध्ये ऑपरेशननंतरची सूज कमी करणारं ड्युरेझॉल आलं, तेही एरंडेलाचं इमल्शन.

पण थेंब टिकत नाही हा मूळ प्रश्न होताच. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सायमन बेनिता यांच्या गटाने नव्वदच्या दशकात तेलाच्या कणांना धन विद्युतभार दिला. डोळ्याच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्यामुळे कण तिथे चिकटून राहतात. यावर फ्रान्समध्ये नोव्हागाली ही कंपनी उभी राहिली आणि 2015 मध्ये युरोपात इकर्विस हा सायक्लोस्पोरिनचाच थेंब मंजूर झाला. रेस्टासिस दिवसातून दोनदा टाकायचं, हे रात्री एकदाच.

आपल्याकडचा दुवा म्हणजे मुंबईच्या सन फार्माचं काचबिंदूवरचं झेलप्रॉस, 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं लॅटानोप्रोस्टचं इमल्शन, हे मात्र मायक्रोइमल्शनच्या जातीचं. यात बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह नाही. घरात कोणी वर्षानुवर्षं रोज रात्री काचबिंदूचा थेंब टाकत असेल तर त्यांना विचारा, डोळे चुरचुरणं आणि लाल होणं काय असतं ते, आणि त्या त्रासात या प्रिझर्व्हेटिव्हचाही वाटा असतो.

रेटिनासाठी, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यासाठी, मात्र आजही बहुतेक वेळा डोळ्यात इंजेक्शनच द्यावं लागतं. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे जेमतेम 24 मिलिमीटर, पण थेंबातून तिथवर पुरेसं औषध पोचवणं अजून नीट जमलेलं नाही आणि प्रयोगशाळांमध्ये सध्या बरंच काम त्यावरच चाललंय.