भूचुंबकीय क्षेत्रातले बदल

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आणि ताकद सतत बदलत असते. 1831 मध्ये जेम्स क्लार्क रॉसला कॅनडाच्या उत्तरेला सापडलेला उत्तर चुंबकीय ध्रुव आता सैबेरियाकडे सरकलाय, मधे तर वर्षाला 50 किमीच्या वर वेगाने.

कारण सुमारे 2900 किमी खाली, बाह्य गाभ्यात आहे. तिथलं वितळलेलं लोखंड उष्णतेने घुसळत राहतं, आतला गाभा गोठताना हलकी मूलद्रव्यं वर सुटतात त्याने घुसळण अजून वाढते, पृथ्वीच्या फिरण्याने प्रवाहांना पीळ बसतो, आणि वाहत्या धातूत वीज तयार होऊन त्यातून परत क्षेत्र टिकतं. यालाच डायनॅमो म्हणतात. प्रवाह बदलले की क्षेत्रही बदलणारच.

सोलापूरकरांना याचा पुरावा लांब शोधायला नको. आपला काळा दगड, म्हणजे खडी क्रशरवर फुटतो तो, दख्खनच्या लाव्हाचा बेसाल्ट. लाव्हा साधारण 580 अंश सेल्सिअसच्या खाली निवला की मॅग्नेटाइट या लोहयुक्त चुंबकीय खनिजाच्या कणांत त्या वेळच्या क्षेत्राची दिशा कायमची धरली जाते. दख्खनच्या जाड थरांपैकी बऱ्याच थरांत ती आजच्या उलट सापडते, आणि तिच्या कलावरून, म्हणजे ती जमिनीशी किती तिरकी आहे त्यावरून, भारत तेव्हा दक्षिण गोलार्धात होता हेही कळतं. (होकायंत्र अशा दगडाजवळ भरकटू शकतं, म्हणून ते खडकावर टेकवून वाचू नये.)

हा लाव्हा किती काळ वाहिला यावर मात्र बराच वाद झाला. पोटॅशियमपासून बनणारा आर्गन मोजून काढलेल्या खडकांच्या जुन्या वयांवरून काही कोटी वर्षं वाटायची, पण इतक्या थरांत ध्रुव-उलट, म्हणजे क्षेत्राच्या उत्तर-दक्षिणेची अदलाबदल, मोजक्याच वेळा दिसते, तेव्हा काळ थोडाच असणार, असं 1980 च्या दशकात फ्रेंच भूभौतिकशास्त्रज्ञ व्हिन्सेंट कूर्तिलो वगैरेंनी मांडलं. पुढच्या अचूक वयांनी तेच जास्त पटतं: बहुतेक लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, 10 लाख वर्षांच्या आसपासच आला. झिरकॉन या खनिजाची वयं आणि आर्गनची वयं यांतून उद्रेकाच्या वेगाचं चित्र मात्र थोडं वेगळं येतं.

शेवटची पूर्ण ध्रुव-उलट साधारण 7 लाख 75 हजार वर्षांपूर्वीची. अंतर ठरलेलं नसतं, क्रिटेशसमध्ये, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडात, तर 3 कोटी वर्षांहून जास्त काळ एकही झाली नाही.

आपल्याकडे या क्षेत्राची मोजणी 1841 पासून मुंबईत कुलाब्याला, मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने मोजणी बिघडणार म्हणून 1904 पासून अलिबागला. 1840 पासून द्विध्रुव, म्हणजे क्षेत्राचा दोन ध्रुवांच्या चुंबकासारखा मुख्य भाग, जवळपास 9 टक्के कमी झालाय, त्यावरून ध्रुव-उलट जवळ आली असं म्हणता येत नाही, कारण आजची ताकद गेल्या काही लाख वर्षांच्या सरासरीपेक्षा जास्तच आहे.