अझ्टेकांची वैद्यकी म्हणजे नुसते मंत्रतंत्र नव्हे

'मेक्सिकोतले जुने अझ्टेक लोक आजारी पडले की मांत्रिकाला बोलवायचे, औषधपाणी त्यांना ठाऊकच नव्हतं' हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

मंत्र होते, देवाचा कोपही मानत. ते नाकारायचं कारण नाही. पण नाहुआंचा (अझ्टेक हे नाहुआ लोकांपैकीच) वैद्य, म्हणजे 'तिसित्ल' (यात बायकाही होत्या), जखम बघून काम करायचा. जखम आधी धुवायची. मग घायपातीच्या जातीतल्या मॅगेचा रस आटवून दाट करायचा, त्यात मीठ मिसळायचं आणि लेप द्यायचा. असा दाट, खारट लेप जंतूंमधलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे ते वाढत नाहीत. याला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही!

सुईणी अडलेल्या बाळंतिणीला 'सिवापात्ली' द्यायच्या. नावाचा अर्थच 'बाईचं औषध'. या वनस्पतीने गर्भाशय आकुंचन पावतं.

आणि लेखी पुरावा? १५५२ साली आजच्या मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्कोला मार्तिन दे ला क्रूस या नाहुआ वैद्याने औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ रचला, हुआन बादियानो या नाहुआनेच तो लॅटिनमध्ये आणला. व्हॅटिकनमध्ये असलेली ती पोथी १९९० मध्ये मेक्सिकोला परत मिळाली.