घरगुती व्हिडिओ संपादनातील ध्वनी

घरच्या चित्रीकरणातला मूळ आवाज कापणे, स्वच्छ करणे, त्याची पातळी जुळवणे आणि त्याला निवेदनाची किंवा पार्श्वसंगीताची जोड देणे, हे सगळे साध्या संपादन सॉफ्टवेअरमध्ये होते. ठाणे आणि नवी मुंबईत मुंज, बारसे, सोसायटीचा गणपती आता घरातलेच कुणीतरी मोबाइलवर टिपते. जुळवाजुळव करताना सगळे लक्ष चित्राकडे असते. आवाज सरळ बंद करून त्यावर गाणे चढवले जाते. घरगुती व्हिडिओचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. मातृभोजनाला आई बटूशी हळूच काय बोलली, ते गाण्याखाली कायमचे गाडले जाते.

ॲपलचे आयमूव्ही १९९९ मध्ये आले, मायक्रोसॉफ्टचे विंडोज मूव्ही मेकर २००० मध्ये. मूव्ही मेकरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मूळ आवाजाखेरीज एकच जादा ट्रॅक मिळे. निवेदन आणि संगीत दोन्ही हवे असेल, तर आधी निवेदनासह व्हिडिओ तयार करायचा आणि तो पुन्हा आत घेऊन संगीत टाकायचे, अशी युक्ती चाले. आजच्या बहुतेक मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही अडचण उरलेली नाही.

टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडलेल्या पट्टीवर, आवाजाचा आलेख दिसतो. त्याचे उंचवटे वरच्या कडेला टेकून सपाट झाले असतील, तर रेकॉर्डिंगच्या वेळीच आवाज फाटलेला असतो. नंतर व्हॉल्यूम कमी करून तो सुधारत नाही. पातळीच्या मोजपट्टीवर ० ही वरची कड असते; बोलण्याचे उंचवटे साधारण -१२ ते -६ डेसिबलच्या दरम्यान ठेवावेत आणि बोलणे चालू असताना संगीत त्याहून निदान १५ डेसिबल खाली असावे.

दिवाळी पहाटेला ठाण्यात राम मारुती रोडवर किंवा तलावपाळीला गर्दीत केलेल्या चित्रीकरणात एक दोष हमखास सापडतो. ढोल वाजू लागला की फोन आपोआप आवाजाची पातळी खाली ओढतो आणि वादन थांबल्यावरही शेजारच्या गप्पा काही क्षण खोल गेलेल्या ऐकू येतात. क्लिप नेमकी तिथे कापून तेवढ्याच तुकड्याचा व्हॉल्यूम वाढवावा. पथक लांब असेल, तर टिपरू ढोलावर पडलेले आधी दिसते आणि ठोका मागून येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरून सेकंदाचा दहावा भाग उशीर. २५ फ्रेमच्या व्हिडिओत अडीच फ्रेम. अशा वेळी आवाज चित्रापासून सुटा करून टाइमलाइनवर तेवढा डावीकडे, म्हणजे आधी, सरकवावा लागतो.

आवाज सुटा करता आला की आणखी एक गोष्ट साधते. वाशीच्या खाडीपुलावर शिरणाऱ्या लोकलचा खडखडाट आदल्या दृश्यावरच सुरू करावा, पूल मागून दिसावा. नुसत्या फेडपेक्षा, म्हणजे दृश्य आणि आवाज हळूहळू विरवण्यापेक्षा, हा जोड कितीतरी जिवंत वाटतो.

घर रुळांलगत किंवा हमरस्त्यावर असेल, तर खालची घरघर ८० ते १०० हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरने (त्याखालचे खर्जातले आवाज गाळणारी सोय) बरीच उतरते. पंख्याच्या सततच्या आवाजासाठी ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये फक्त पंख्याचा आवाज असलेला तुकडा नमुना म्हणून द्यायचा. मग तो आवाज सगळ्या रेकॉर्डिंगमधून कमी करता येतो. त्यासाठी चित्रीकरणाआधी कुणी न बोलता खोलीचा आवाज दहा सेकंद घेऊन ठेवावा. बोलण्यातला एखादा अडथळा कापल्यावर पडलेली रिकामी जागाही त्यानेच भरते, नाहीतर मध्येच आवाज तुटल्यासारखा वाटतो. सफाईचा अतिरेक मात्र करू नये: माणसाचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. आजीच्या बोलण्यामागे थोडा पंखा राहिला, तरी चालेल.

व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ हा नेहमीचा नमुनादर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने. तयार फाइल इअरफोनवर आणि फोनच्या स्पीकरवर, दोन्हीकडे ऐकावी, कारण फोनच्या छोट्या स्पीकरवर ढोलाचा घुमारा जवळजवळ येतच नाही. मूळ रेकॉर्डिंग वेगळ्या फोल्डरमध्ये तसेच ठेवावे. सफाई करून बाहेर काढलेल्या फाइलमधून गेलेला आवाज परत मिळत नाही.