प्रेस ‘डबल’ मारते तेव्हा

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या शेडमध्ये, आयटीआय करून नुकताच लागलेला मुलगा बघतो: पेडल एकदाच दाबलं, पण प्रेस दोनदा खाली आली. शेजारचा जुना कामगार म्हणतो, “मारते कधीकधी डबल. हात सांभाळ.” मुलगा मान डोलावतो आणि पुढचा जॉब (पत्र्याचा तुकडा) लावतो.

खरं तर त्याने तिथेच थांबायला हवं. जुन्या पॉवर प्रेसचं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, सतत फिरत असतं. पेडल दाबलं की क्लचमधली ‘की’ (धातूची खुंटी) रॅमला वर-खाली हलवणाऱ्या क्रँकशाफ्टला फ्लायव्हीलशी जोडते आणि एक फेरी झाली की सोडते. ही ‘की’ झिजली किंवा स्प्रिंग तुटली तर ती सुटत नाही, आणि पेडलला पाय न लावताही रॅम, म्हणजे पत्र्यावर आपटणारा भाग, पुन्हा खाली येतो. मिनिटाला ६० स्ट्रोक मारणाऱ्या प्रेसमध्ये त्याला वरून खाली यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. पूर्ण लक्ष असतानाही डोळ्यांनी पाहिल्यावर हात हलायला सुरुवात व्हायलाच सुमारे ०.२ सेकंद जातो. शिफ्टच्या शेवटी, हात डायच्या (साच्याच्या) दिशेने आत निघालेला असताना तो थांबवून मागे घ्यायला उरलेला वेळ पुरेलच असं नाही. ‘हात सांभाळ’ हा सल्ला माणसाच्या मज्जासंस्थेला झेपणारा नाही.

अशा क्लचची प्रेस अर्ध्या स्ट्रोकवर थांबतही नाही. म्हणून तिच्यासमोर लाइट कर्टन (हात मध्ये आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावणं ही निव्वळ फसवणूक आहे. तिला हवा पक्का गार्ड, जॉब आत जाईल पण बोट जाणार नाही असा.

टोरांटोच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ’च्या अभ्यासात पहिल्या महिन्यातल्या कामगाराला दुखापतीचा धोका वर्षभर मुरलेल्यापेक्षा तिपटीहून जास्त आढळला. पण डबल स्ट्रोकला दचकतो तोही नवाच. जुन्याने तो अनेकदा पाहिलाय, काही झालं नाही, म्हणून त्याच्या मेंदूने ती सूचना मोजणंच सोडलंय.

तेव्हा पोरांनो, मेन स्विच बंद करा, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या, मशीन नंबर आणि वेळ लिहून सुपरवायझरला सांगा. फिटरने ‘की’ आणि स्प्रिंग तपासेपर्यंत जॉब लावू नका. धोकादायक भागांना गार्ड लावायची जबाबदारी १९४८च्या कारखाना अधिनियमानेच मालकावर टाकली होती, त्यामुळे हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

ठेकेदाराकडच्या मुलाला मात्र बोटापेक्षा उद्याच्या गेटपासची धास्ती जास्त असते. “चालव रे, आज डिस्पॅच आहे,” हे एकदा ऐकलं की तो पुन्हा सांगायला येत नाही. फिटर त्याच शिफ्टला प्रेसवर पोचला, तर लाइनवरची बाकीची पोरंही ते बघत असतात.