सशाच्या पिल्लांची ती तीन-चार मिनिटं

मागच्या आठवड्यात ठाण्याला वर्तकनगरमधल्या एका ओळखीच्या काकूंचा रात्री फोन आला. त्यांच्या सशाच्या मादीला पाच पिल्लं झालेली आणि ती दिवसभर त्यांच्याकडे फिरकलीच नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या दृष्ट लागली, म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या आणि आता ड्रॉपरने गाईचं दूध पाजायचं चाललं होतं. म्हटलं काकू, आधी तो ड्रॉपर खाली ठेवा, दूध श्वासनलिकेत गेलं तर पिल्लू हातातच जाईल. आणि दृष्टबिष्ट काही नसतं हो.

ससा दिवसातून साधारण एकदाच दूध पाजतो, तेही जेमतेम तीन-चार मिनिटं, आणि ते बहुतेक रात्री नाहीतर पहाटे. बाकी वेळ आई लांबच राहते, कारण जंगलात ती सारखी ये-जा करत राहिली तर कोल्ह्याला बिळाचा पत्ता लागेल. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. आपल्या येऊरच्या जंगलात असतो तो वेगळाच, त्याची पिल्लं उघड्यावर जन्मतात, अंगावर केस आणि डोळे उघडे. काकूंकडची मात्र बिनकेसांची आणि आंधळी, डोळे उघडायला दहाएक दिवस लागतात.

मग अंधारात, एवढ्याशा वेळात त्यांना आचळ सापडतं कसं? मला या प्राण्याचं वेड लागलं ते इथेच. आईच्या दुधात टू-मिथाइल-ब्यूट-टू-ईनाल नावाचं एक रसायन असतं, एक छोटासा आल्डिहाइड. त्याचा वास आला की पिल्लू डोकं भराभर हलवत शोधायला लागतं आणि काही सेकंदांत आचळ पकडतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी हे २००३ मध्ये दाखवलं, नुसतं ते रसायन लावलेली काचेची कांडी पुढे धरली तरी पिल्लं ती कांडीच तोंडात धरतात! हे कोणी शिकवत नाही, जन्मतःच येतं. पुढची गंमत अशी की या फेरोमोनसोबत (आपल्याच जातीच्या प्राण्याला इशारा देणारं रसायन) दुसरा एखादा अनोळखी वास एकदाच दिला, तर दुसऱ्या दिवशी पिल्लं त्या नुसत्या वासालाही तसंच शोधायला लागतात. म्हणजे तो वास फक्त दूध कुठे आहे एवढंच सांगत नाही, आत्ता नाकात जे काही येतंय ते पक्कं लक्षात ठेव असंही मेंदूला सांगतो.

माणसाशी नातं जुळायचा एक धागाही इथेच आहे. पहिल्या आठवड्यात दूध पिण्याच्या वेळेच्या आसपास पिल्लांना रोज थोडा वेळ हातात घेतलं तर मोठेपणी ती माणसाला कमी घाबरतात, पण तेच भलत्या वेळी केलं तर तितका फरक पडत नाही, हे हंगेरीतल्या प्रयोगांत दिसलंय. आणि हात लावला की आई पिल्लं टाकते हा समज पाळीव सशाच्या बाबतीत खरा नाही, फक्त हात स्वच्छ हवेत आणि अत्तर, सॅनिटायझर असलं काही लावलेलं नको.

काकूंना म्हटलं, पहाटे उठून पोटं बघा, सुरकुतलेली असतील तर लगेच डॉक्टर. सहा वाजता व्हिडिओ कॉल. खोक्यात आईने स्वतःच्या अंगाचे उपटून अंथरलेले केस, काकूंनी बोटाने ते हळूच बाजूला सारले, तर खाली पाचही जण एकमेकांवर पडलेले, पोटं भोपळ्यासारखी टम्म, आणि पातळ कातडीतून आतलं पांढरं दूध दिसतंय.