टायर-कार्यक्षमतेचे नियम आणि ऑफ-रोड वाहनमालकांचा विरोध

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात गाडीच्या बदली टायरांवर इंधन-कार्यक्षमतेची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आहे. फोर-बाय-फोर गाड्यांचे मालक, त्यांचे क्लब आणि सुट्या भागांचा उद्योग यांचा त्याला संघटित विरोध आहे. वादाचे मूळ २००३ च्या एका कायद्यात असून तो आजही कायम आहे. वरवर पाहता पर्यावरणवादी एका बाजूला आणि हौशी चालक दुसऱ्या बाजूला, असे चित्र दिसते. खरा पेच मात्र ऑफ-रोड टायर कशाला म्हणायचे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नात आहे. चिखलात आणि खडकांत जाणारी गाडी तिथवर हमरस्त्यानेच पोचते आणि बहुतेक किलोमीटर डांबरावरच कापते.

कायदा. राज्य विधानसभेतील सदस्य जो नेशन यांनी मांडलेले ८४४ क्रमांकाचे विधेयक २००३ मध्ये, ग्रे डेव्हिस राज्यपाल असताना मंजूर झाले. त्यामागचा तर्क असा. नव्या गाडीचे सरासरी इंधन किती जळते, यावर केंद्र सरकारची बंधने असतात. म्हणून कंपन्या नव्या गाडीला मुद्दाम हलके फिरणारे टायर बसवून देतात. ते झिजले की मालक दुकानात जातो आणि भाव, टिकाऊपणा, दिसणे पाहून टायर निवडतो. इंधनाचा हिशोब तिथे कोणी करत नाही, कारण तो टायरवर लिहिलेलाच नसतो. म्हणून राज्यात विकले जाणारे बदली टायर सरासरीने तरी नव्या गाडीबरोबर येणाऱ्या टायरांइतके कार्यक्षम असावेत, असे उद्दिष्ट ठरले आणि नियम करण्याची जबाबदारी कॅलिफोर्निया ऊर्जा आयोगाकडे आली.

कायद्याने आयोगाचे हातही बांधले. नियम तांत्रिकदृष्ट्या शक्य आणि ग्राहकाला परवडणारे हवेत, त्यांनी सुरक्षितता घटता कामा नये, टायरचे सरासरी आयुष्य कमी होता कामा नये आणि टाकाऊ टायरांची विल्हेवाट लावण्याच्या राज्याच्या प्रयत्नांना बाधा येता कामा नये. या अटी पुढे विरोधकांच्या फार कामी आल्या. २००७ च्या मध्यापर्यंत व्हायचे नियम रखडले आणि या दशकात आयोगाने ते काम पुन्हा हाती घेतले.

रोलिंग रेझिस्टन्स. टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग चेपतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा फुगतो. चेपताना खर्ची पडलेली सगळी ऊर्जा रबर परत करत नाही, काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावला की तो गरम लागतो, त्याचे हे एक मोठे कारण. या तोट्याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. मोजणीची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. मोटारीचा टायर ठरावीक भाराखाली पोलादी ड्रमवर ताशी ८० किलोमीटर वेगाने फिरवतात आणि विरोधी बलाचे भाराशी असलेले गुणोत्तर काढतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००६ च्या अहवालानुसार हा रोध १० टक्क्यांनी घटला तर इंधनाची बचत १ ते २ टक्के होते. एका गाडीमागे ही बचत किरकोळ, पण कोट्यवधी गाड्यांच्या राज्यात ती किरकोळ राहत नाही.

आता खडकाळ वाटेचा टायर पाहू. त्याची नक्षी खोल असते, गट्टे, म्हणजे नक्षीतले रबराचे उंचवटे, मोठे आणि विरळ असतात, म्हणजे अडकलेला चिखल फिरता फिरता बाहेर फेकला जातो. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जाड, पुष्कळदा तीन पदरी, कारण धारदार दगड टायरला बहुधा बाजूने कापतो. रबर कापले जाऊ नये म्हणून चिवट ठेवलेले असते. जितके रबर जास्त आणि गट्टे जितके लवचिक, तितकी ऊर्जा जास्त वाया जाते. टायर अंगभूत गुणामुळेच या परीक्षेत मागे पडतो, कारखान्याच्या हलगर्जीमुळे नाही. एक विचित्र गोष्टही इथे नोंदवली पाहिजे : टायर जसजसा झिजतो तसा त्याचा रोध कमी होतो. म्हणजे कागदावर कार्यक्षम टायर बनवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्यावर मुळातच कमी रबर ठेवणे. असा टायर लवकर बाद होतो आणि भंगारात भर पडते. विरोधक कायद्यातील आयुष्याची आणि भंगाराची अट वारंवार पुढे करतात ती यामुळेच, आणि त्यांचा हा मुद्दा वजनदार आहे. टायर-उद्योगाचे उत्तर असते सिलिका. रबरात काजळीऐवजी सिलिका मिसळून ओल्या रस्त्यावरची पकड न घालवता रोध कमी करण्याचे तंत्र मिशलिनने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणले. डांबरावरच्या मोटारींसाठी ते उत्तम चालले. खडकाने कापल्या जाणाऱ्या जाड गट्ट्यांना ते तितकेच लागू पडेल, हे मात्र ऑफ-रोड मंडळी मान्य करत नाहीत.

विरोधाचा गाभा. कायद्याने काही टायर वगळले आहेत. खोल नक्षीचे हिमटायर, तात्पुरती स्टेपनी, १२ इंच वा त्याहून लहान रिमचे टायर, मोटारसायकलचे टायर आणि ‘रस्त्याबाहेरच्या यांत्रिक मनोरंजन-वाहनात वापरण्यासाठी खास बनवलेले’ टायर. शेवटची सूट वाचून वाटते की प्रश्न मिटला. पण कॅलिफोर्नियात मनोरंजन-वाहन म्हटले की क्वाड बाइक, सँड बगी, साइड-बाय-साइड अशी वाहने डोळ्यांसमोर येतात. ती ट्रेलरवर टाकून नेतात आणि त्यांना रस्त्याची नंबरप्लेट नसते. जीप व्रँग्लर, टोयोटा टॅकोमा किंवा फोर्ड ब्राँको यांना ती असते. त्यांना बसणारा ३३ किंवा ३५ इंची मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीचा, टायर ‘खास’ कशासाठी बनवलेला आहे? टायरवाला म्हणतो दोन्हीसाठी, आणि ‘दोन्ही’ हे उत्तर कायद्याच्या चौकटीत बसत नाही.

आणखी एक सूट आहे. एकाच कारखान्यात, एकाच वर्षी, एकाच प्रकारचे १५,००० पेक्षा कमी टायर बनत किंवा आयात होत असतील तर त्यांना नियम लागू नाही. छोट्या उत्पादकांना वाचवण्यासाठी ती ठेवलेली दिसते, पण तिचा परिणाम उलटा होऊ शकतो. स्पर्धेत उतरणाऱ्या मूठभर गाड्यांचे ४० इंची टायर सहज सुटतात. शनिवार-रविवारी कुटुंब घेऊन डोंगरात जाणाऱ्याला परवडतो तो भरपूर खपाचा, म्हणून स्वस्त टायर मात्र नियमाच्या कचाट्यात सापडू शकतो.

तुलनेचा पायाही या वर्गाला नीट लागू होत नाही. व्रँग्लरची रुबिकॉन आवृत्ती कारखान्यातूनच ३३ इंची ऑल-टेरेन, म्हणजे सर्व प्रकारच्या जमिनीसाठीचे, टायर घालून बाहेर पडते. मूळ टायर हलका आणि बदली टायर जड, हे कायद्यामागचे गृहीतक तिच्याबाबतीत टिकत नाही. ती मुळातच जड टायरांवर येते आणि त्यांसकटच कंपनीच्या इंधन-हिशोबात धरली जाते.

प्रस्तावाच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे आणि ते सांगणारे काही वेळा ऑफ-रोड गोटातलेच असतात. या मंडळींत ‘मॉल क्रॉलर’ असा एक कुत्सित शब्द आहे : उंच केलेली गाडी, मोठे टायर, छतावर दिव्यांची रांग आणि सगळा प्रवास मॉलच्या पार्किंगपर्यंत. दणकट दिसणाऱ्या टायरांचा मोठा ग्राहक हाच आहे. त्याला चिखलाची पकड लागत नाही, टायरचे रूप हवे असते. विजेवरच्या गाड्यांनी हा खर्च उघडा पाडला. रिव्हियन या विजेवरच्या गाड्यांच्या कंपनीने आपल्या पिकअपला ऑल-टेरेन टायर लावले तर पल्ला सुमारे १० ते १५ टक्क्यांनी घटेल, असे स्वतःच सांगितले. पेट्रोलच्या गाडीतही तो तोटा होतोच, पण तिथे तो पंपावरच्या बिलात मिसळून जातो. खरा ऑफ-रोड चालक आणि मॉल क्रॉलर एकच टायर एकाच दुकानातून घेतात, म्हणून पहिल्याला सूट दिली की दुसऱ्यालाही मिळते. विरोधक या अडचणीवर क्वचितच बोलतात.

संघटना आणि अविश्वास. विरोधाचे नेतृत्व प्रामुख्याने ‘सेमा’ ही सुट्या भागांच्या उद्योगाची संघटना करते. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे मुख्यालय कॅलिफोर्नियातच, डायमंड बार येथे आहे. लास व्हेगासला भरणारे तिचे वार्षिक प्रदर्शन जगभरच्या गाडी-शौकिनांना माहीत असते. तिच्याखेरीज १९५९ पासूनची कॅलिफोर्निया फोर व्हील ड्राइव्ह असोसिएशन, ऑफ-रोड वाहनधारकांची ‘कोर्वा’ आणि आयडाहोतील ब्लू रिबन कोअलिशन अशा संघटना या राज्यातील ऑफ-रोड प्रश्नांवर सक्रिय असतात. नियमाच्या मसुद्यावर हरकती नोंदवण्याची मुदत जाहीर झाली की सदस्यांना तयार पत्राचा नमुना पाठवायचा, आमदारांना फोन करायला लावायचे, सुनावणीला गर्दी जमवायची, ही अमेरिकेतील अशा संघटनांची रूढ कार्यपद्धती आहे. उद्योगाचा आर्थिक स्वार्थ त्यात उघड आहे आणि तो लपवण्याचा फारसा प्रयत्नही होत नाही.

टायरसारख्या रुक्ष विषयावर इतका संताप का, हे समजायला मागचा इतिहास पाहावा लागतो. लेक टाहोजवळचा सुमारे ३५ किलोमीटरचा रुबिकॉन ट्रेल हे या छंदाचे पंढरपूर. १९५३ मध्ये जॉर्जटाउन गावाने तिथे पहिली जीप जाम्बोरी भरवली. त्याच वाटेवरून नाल्यांत जाणारा गाळ आणि तेल यांबद्दल प्रादेशिक जल-गुणवत्ता मंडळाने २००९ मध्ये एल डोराडो काउंटीला साफसफाईचा आदेश काढला. वाट बंद होणार अशी धास्ती पसरली, आणि क्लबांच्या स्वयंसेवकांनी राबून ती चालू राहण्यास हातभार लावला. ओशानो ड्यून्स या समुद्रकाठच्या वाळवंटी पट्ट्यात किनारा आयोगाने २०२१ मध्ये तीन वर्षांत गाड्या बंद करण्याचा ठराव केला. २०२३ मध्ये न्यायालयाने तो उलटवला. त्याआधी प्रदूषणाच्या निकषात न बसणाऱ्या मोटारसायकलींना हंगामापुरती मुभा देणारी ‘लाल स्टिकर’ योजना नव्या वाहनांसाठी गुंडाळली गेली. २०३५ पासून पेट्रोलच्या नव्या मोटारींच्या विक्रीवर बंदी आणण्याचे धोरण २०२२ मध्ये ठरले. आधी वाट, मग इंजिन, आता टायर, अशी साखळी या लोकांच्या डोक्यात पक्की बसली आहे. प्रत्येक नियमाची कारणे वेगळी आहेत आणि काही कारणे चांगलीही आहेत, पण पोटात भीती असलेल्याला ती पटवणे अवघड जाते.

एक व्यावहारिक मुद्दाही पुढे येतो. हा नियम विक्रीवर आहे, वापरावर नाही. टाहोच्या पलीकडे नेवाडा सुरू होते. तिथल्या दुकानातून टायर बसवून आणण्यास प्रस्तावाच्या रचनेत अटकाव दिसत नाही. मग तोटा कोणाचा, तर सीमेअलीकडच्या टायरवाल्याचा.

युरोपची वाट. युरोपीय महासंघाने २००९ च्या ६६१ क्रमांकाच्या नियमाने रोलिंग रेझिस्टन्सवर मर्यादा घातल्या. मोटारीच्या टायरांसाठी दुसऱ्या टप्प्यात ती भाराच्या टनामागे १०.५ किलोग्रॅम रोध इतकी झाली, हलक्या व्यापारी वाहनांसाठी ९. तिथेही ऑफ-रोड टायर वगळले गेले, पण व्याख्या हेतूवर न सोडता मापावर आणली. संयुक्त राष्ट्रांच्या ११७ क्रमांकाच्या नियमानुसार या दोन्ही वर्गांत ‘व्यावसायिक ऑफ-रोड’ ठरण्यासाठी नक्षीची खोली किमान ११ मिलिमीटर, नक्षीतील मोकळ्या जागेचे प्रमाण किमान ३५ टक्के आणि कमाल वेगाची श्रेणी ताशी १६० किलोमीटर किंवा त्याखालची लागते. फूटपट्टी लावून निकाल देता येतो. अर्थात सौम्य नक्षीचे, सर्वाधिक खपणारे ऑल-टेरेन टायर या व्याख्येत बसत नाहीत, त्यांना सामान्य मर्यादा पाळावीच लागते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील ‘खास बनवलेले’ या शब्दांपेक्षा ही पद्धत स्वच्छ आहे, पण ती स्वीकारली तर आपले नेमके किती टायर आत आणि किती बाहेर हे उघड होईल, आणि त्याला दोन्ही पक्ष फारसे उत्सुक नसावेत.

भारतात एआयएस १४२ हे मानक याच आंतरराष्ट्रीय नियमावर बेतले आहे. रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तीन कसोट्या नव्या रचनेच्या टायरांना १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू करण्याची अधिसूचना निघाली. सह्याद्रीच्या घाटवाटांवर किंवा गोव्यातल्या पावसाळी चिखल-स्पर्धेत थार आणि जिप्सी घालणाऱ्या मंडळींना मात्र टायरच्या रोधापेक्षा आरटीओची चिंता जास्त असते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीत परस्पर बदल करता येत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कडक अर्थाने लावले.

पुढची आघाडी. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी एक जुने कोडे सोडवले. पाऊस पडला की सिएटलच्या आसपासच्या ओढ्यांत अंडी घालायला परतलेले कोहो सॅमन मासे मरत. टायरचे रबर ओझोनने तडकू नये म्हणून मिसळल्या जाणाऱ्या ६पीपीडी या रसायनाची ओझोनशीच क्रिया होऊन तयार होणारा पदार्थ त्यांना मारत होता. युरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम आणि प्युयालप या आदिवासी राष्ट्रांनी टायरांतील ६पीपीडीवर बंदी मागणाऱ्या केलेल्या अर्जावर केंद्रीय पर्यावरण संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये विचार करण्याचे मान्य केले. त्याच्या महिनाभर आधी कॅलिफोर्नियाच्या विषारी-पदार्थ नियंत्रण विभागाने ६पीपीडी असलेले मोटार-टायर अग्रक्रमाच्या यादीत घातले, त्यामुळे उत्पादकांना पर्याय शोधणे भाग पडले. ऑफ-रोड चालकाला हेही जाचू शकते : महिनोन्‌महिने उन्हात उभ्या गाडीचा आणि खडकांवर चढण्यासाठी हवा १५ पीएसआयपर्यंत सोडलेला टायर साइडवॉलला तडे गेले की धोक्याचा होतो. पण मापाची किंवा हेतूची सूट मागून ही लढाई लढता येत नाही. रसायन गुळगुळीत शहरी टायरातही तेच आहे आणि मड-टेरेनच्या गट्ट्यांतही तेच.