काम चालू आहे ते ऑफिसला दिसू द्या : सोशल सॉफ्टवेअर आणि मायक्रो-ब्लॉगिंगबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार. आमच्याकडे चौकशीला येणारे बहुतेक जण पहिल्याच पाच मिनिटांत विचारतात की ईमेल आहे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, रोज मीटिंग पण होते, मग अजून एक अ‍ॅप कशाला. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर मिळाल्याशिवाय कुणीही काहीही विकत घेऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं, म्हणून हे माहितीपत्रक.

ईमेल पाठवताना कुणाला पाठवायचं ते पाठवणारा ठरवतो. फोन कुणाला लावायचा ते पण फोन करणाराच ठरवतो. म्हणजे ही माहिती कुणाच्या उपयोगाची आहे हे तुम्हाला आधीच माहीत असायला लागतं, आणि नेमकं तेच बऱ्याचदा माहीत नसतं. मायक्रो-ब्लॉगिंगमध्ये हे उलटं होतं. तुम्ही आत्ता जे करताय ते दोन ओळीत लिहून टाकता, सगळ्या ऑफिसला दिसेल असं, कुणाचंही नाव न घालता, आणि ते वाचायचं की पुढे सरकवायचं हे वाचणारा ठरवतो. दिसायला बारीकसा फरक आहे पण आमच्या मते या सगळ्या सॉफ्टवेअरची खरी किंमत इथेच आहे, बाकीची फीचर्स नंतरची.

जरा जवळून बघू. समजा अकाउंट्समधल्या कुणीतरी सकाळी ११ ला लिहिलं : "कालपासून काही कस्टमरना इनव्हॉइसचे मेल परत येतायत. पीडीएफ ५ एमबीच्या वर गेली की समोरचा सर्व्हर घेत नाहीये. लेटरहेडवरचा लोगो फारच मोठा होता, तो छोटा करून टाकला, आता जातायत." झालं, एवढंच, लिहायला एक मिनिट. आता हे वाचून सेल्समधल्या माणसाच्या लक्षात येतं की आपलं कोटेशन पण त्याच लेटरहेडवर जातं आणि दोन पार्ट्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही, बहुतेक त्यांना मिळालेलंच नाही. अकाउंट्सवाल्यांनी त्याला मेल करायचं काही कारणच नव्हतं, त्यांना कोटेशनचा विषय डोक्यात पण आला नसता. आणि काही महिन्यांनी नवीन लागलेली मुलगी "इनव्हॉइस मेल परत" असं सर्च करते तेव्हा तिला ही पोस्ट सापडते, ती कुणालाही न विचारता फाईलचा साईज बघते आणि पुढच्या कामाला लागते. एका मिनिटाच्या लिखाणाचा दोनदा उपयोग झाला आणि दोन्ही वेळा लिहिणाऱ्याला पत्ता पण नव्हता.

हे मोठ्या कंपन्यांचं खूळ आहे, आमच्यासारख्या १५-२० माणसांना काय उपयोग, असंही लोक म्हणतात. इतिहास बघितला तर उलटंच दिसतं. ट्विटर २००६ साली ओडिओ नावाच्या एका छोट्या पॉडकास्ट कंपनीत सुरू झालं आणि पहिले काही महिने ते त्यांची त्यांची माणसंच वापरत होती. यॅमर ही २००८ ला आलेली ऑफिससाठीची मायक्रो-ब्लॉगिंग सेवा, ती जेनी नावाच्या वंशावळीच्या वेबसाईटने आधी स्वतःच्या ऑफिसपुरती बनवली होती, पुढे २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती १.२ अब्ज डॉलरला घेतली. आणि स्लॅक तर एक ऑनलाईन गेम बनवणाऱ्या छोट्या टीमने आपसात बोलायला म्हणून तयार केलेलं टूल, गेम बंद पडला, टूल राहिलं, २०१४ ला सगळ्यांसाठी खुलं झालं. तिन्ही ठिकाणी मूठभर माणसं होती आणि त्यांना स्वतःचं काम नीट करायचं होतं. त्यामुळे लहान टीमला हे जमणार नाही हे आम्हाला पटत नाही.

यॅमरची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. ट्विटर सुरुवातीला विचारायचं की तुम्ही काय करताय, यॅमरने विचारलं की तुम्ही कशावर काम करताय. लिहायच्या बॉक्सवरचा प्रश्न बदलला की लोक काय लिहितात ते पण बदलतं, जेवण झालं का वगैरे आपोआप मागे पडतं. आम्ही सेटअप करून देतो तेव्हा या एका ओळीवर मुद्दाम वेळ घालवतो, तुमच्या कामाला शोभेल असा प्रश्न तिथे टाकतो, आणि ग्राहकांना सुरुवातीला हे थोडं जास्तच वाटतं पण तरीही टाकतो.

आता यामागचं थोडं शास्त्र, कारण नुसतं आमच्या शब्दावर विश्वास ठेवा असं आम्ही म्हणणार नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांपैकी त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटणारे साधारण सहात एकच होते, बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा अगदी क्वचित व्हायची. कारण सरळ आहे, रोज शेजारी बसणाऱ्याला जे माहीत असतं ते आपल्याला पण माहीतच असतं, नवीन माहिती लांबच्या माणसाकडे असते. दुसरीकडे एमआयटीचे थॉमस अ‍ॅलन यांनी इंजिनिअर लोकांचा अभ्यास केला तर असं निघालं की दोघांच्या जागेतलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं आणि साधारण ५० मीटरच्या पुढे नियमित बोलणं जवळजवळ संपतंच. दोन्ही एकत्र ठेवून बघा, ज्या माणसाकडे नवीन माहिती आहे नेमकं त्याच्याशीच आपलं बोलणं होत नाही. मजला वेगळा, शिफ्ट वेगळी, कुणी घरून काम करतं, कुणी दिवसभर साईटवर असतं. ऑफिसमधली सार्वजनिक भिंत, म्हणजे सगळ्यांच्या पोस्ट सगळ्यांना दिसतात ती जागा, ही दरी भरते, पूर्ण नाही पण बरीचशी.

मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने २०१२ साली एक अंदाज मांडला होता की ज्यांचं काम मुख्यतः लोकांशी बोलण्या-लिहिण्याचं आहे त्यांचा आठवड्यातला सुमारे २८ टक्के वेळ ईमेलमध्ये जातो आणि जवळजवळ २० टक्के वेळ ऑफिसमधलीच माहिती किंवा योग्य माणूस शोधण्यात जातो. सगळे पहिल्या आकड्याबद्दल बोलतात, आम्हाला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. आठवड्यातला एक पूर्ण दिवस "हे कुणाला माहीत असेल रे" यात जातोय! पॉल लिओनार्डी या अभ्यासकाने एका मोठ्या वित्तीय कंपनीत दोन गट घेऊन बघितलं, एकाला असं टूल दिलं आणि दुसऱ्याला नाही, सहा महिन्यांनी टूल वापरणारे लोक कुणाला काय माहीत आहे हे ओळखण्यात ३१ टक्क्यांनी सुधारले होते. यातलं लक्षात घेण्यासारखं हे की ते स्वतः प्रश्न विचारून शिकले असं नाही, दुसऱ्यांची आपसातली बोलणी नुसती येताजाता वाचून त्यांना कळत गेलं.

मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप का नको? नको असं नाही, "गाडी आली, खाली या" यासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण तिथे कामाचं, सुट्टीचं, वाढदिवसाचं सगळं एकाच धारेत वाहून जातं, नवीन माणूस जॉइन झाला की त्याच्यासमोर आधीच्या दोन वर्षांचं काम आपोआप येत नाही, आणि कुणी नोकरी सोडली की त्याच्या फोनमधली ऑफिसची माहिती त्याच्याबरोबरच जाते. शिवाय तो नंबर त्याचा खाजगी असतो, रात्री १० ला बॉसचा मेसेज आला की घरात पण ऑफिस सुरू. कामाचं वेगळं ठिकाण असलं की संध्याकाळी ते बंद करता येतं आणि आमच्या मते करायलाच पाहिजे.

लिहायचं कसं हा पुढचा प्रश्न आणि खरं तर सगळ्यात अवघड, कारण सॉफ्टवेअर एका दिवसात लागतं पण सवय नाही लागत. "आज खूप काम झालं, टीमचे आभार" ही पोस्ट छान आहे पण तिचा पुढे कुणालाच उपयोग नाही. "डिस्पॅचचं काम चालू आहे" हेही तसंच. उपयोगाच्या पोस्टमध्ये बहुतेक वेळा तीनातलं एक काहीतरी असतं, म्हणजे आत्ता काय अडलंय, काय ठरलं आणि का ठरलं, किंवा अडलेलं कसं सुटलं. वस्तूचं, मशीनचं, कामाचं नाव पूर्ण लिहा, "ते कालचं" असं लिहिलं तर सर्चमध्ये कधीच सापडणार नाही. शुद्धलेखनाची काळजी करू नका, मराठी इंग्लिश मिक्स चालतं, रोमनमध्ये टाईप केलं तरी चालतं, फक्त महत्त्वाचा शब्द सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहावा. यासाठी हॅशटॅग, म्हणजे शब्दाआधी # लावून केलेली खूण, कामाला येतो. तो २००७ मध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवला तेव्हा ती नुसती वापरणाऱ्यांनी काढलेली युक्ती होती, कंपनीने दिलेलं फीचर नव्हतं, तुमच्याकडे पण टॅग वरून ठरवून देण्यापेक्षा लोक कुठले वापरतात ते आधी बघा आणि मग त्यातले दहा-बारा पक्के करा.

दोन ओळींची मर्यादा लोकांना सुरुवातीला खटकते पण तिचा फायदा असा की ज्याला रिपोर्ट लिहायचा कंटाळा येतो, किंवा आपल्याला लिहिता येत नाही असं वाटतं, तो पण दोन ओळी लिहितो. ट्विटरची १४० अक्षरं एसएमएसच्या १६० च्या हिशोबातून आली होती, आज तशी तांत्रिक अडचण काहीच नाही, तरीही आम्ही छोटी मर्यादा ठेवायलाच सांगतो. स्टोअरमधल्या, वर्कशॉपमधल्या, फिल्डवरच्या माणसांकडे जी माहिती असते ती ऑफिसात बसलेल्या कुणाकडेही नसते आणि आजपर्यंत ती लिहूनच घेतली गेली नाही. ही माणसं लिहायला लागली की खरा बदल दिसतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा बघितलंय आणि दर वेळी तेवढाच आनंद होतो.

आता मालक आणि मॅनेजर लोकांसाठी, हे जरा स्पष्टच लिहितो. पहिली पोस्ट तुमची पाहिजे, आणि ती सूचना नको. "हा दर मी का कमी केला" किंवा "या ऑर्डरचं मला अजून कळत नाहीये, कुणी बघितलंय का" असं काहीतरी लिहा. वरचा माणूस "मला माहीत नाही" असं उघड लिहितो तेव्हाच खालच्याला अडचण लिहायची हिंमत होते. आणि कुणी किती पोस्ट टाकल्या हे मोजून अप्रेझलला वापरणार असाल तर कृपया हे सॉफ्टवेअर घेऊच नका, आम्ही खरंच सांगतो. मोजायला लागलात की लोक आकड्यासाठी लिहितात, अडचणी लपवतात, आणि भिंतीवर नुसतं गुड मॉर्निंग उरतं. कुणाची चूक पोस्टवर काढायची नाही हाही नियम पहिल्याच दिवशी सांगा, बोलायचं असेल तर बाजूला घेऊन बोला.

पासवर्ड, पगार, आजारपण, कस्टमरचे खाजगी तपशील, बँकेची माहिती भिंतीवर कधीच नाही. अकाउंट ऑफिसच्या मेल आयडीवरच उघडायचं आणि माणूस गेला की त्याच दिवशी बंद करायचं, त्याच्या जुन्या पोस्ट मात्र ठेवायच्या.

गोंगाट होईल ही भीती खरी आहे. सगळ्यांना सगळ्याचे नोटिफिकेशन चालू ठेवले तर दोन आठवड्यांत लोक वैतागून अ‍ॅप काढून टाकतील. ही भिंत रस्त्याकडेच्या खिडकीसारखी असावी, वाटलं तेव्हा डोकावायचं, तिने सारखी हाक मारायची नाही. म्हणून आम्ही नोटिफिकेशन फक्त थेट नाव घेतलं तरच येईल असं ठेवतो. एखादी पोस्ट सुटली तरी चालतं, ज्याला तातडीने पाहिजे त्याने फोन करावा. आणि जे कायमचं ठरलं ते भिंतीवर सोडू नका, ते विकीत न्या. विकी म्हणजे कुणालाही बदलता येणारी पानं, वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी १९९५ मध्ये सुरू केली आणि ती पद्धत अजूनही ऑफिससाठी उत्तम आहे. भिंतीवर प्रश्न सुटतो, विकीत त्याचं उत्तर राहतं, आठवड्यातून अर्धा तास कुणीतरी एकाने हे हलवायचं काम घ्यायला लागतं, नाहीतर होत नाही.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं? खरं सांगायचं तर याला लोक समजतात तेवढं महत्त्व नाही. आधीच मायक्रोसॉफ्टचं ऑफिस पॅकेज घेतलेलं असेल तर यॅमर, ज्याचं नाव आता व्हिवा एंगेज झालंय, ते तुमच्या प्लॅनमध्ये आहे का बघा. स्लॅक वापरायला सोपं आहे, पण फुकट प्लॅनमध्ये ९० दिवसांपूर्वीचं दिसत नाही आणि आपल्याला तर जुनंच शोधायचं असतं. माहिती स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवायची असेल तर मॅटरमोस्ट आणि झुलिप आहेत, झुलिपमध्ये बोलणं विषयवार लावलेलं असतं त्यामुळे नंतर शोधायला फार बरं पडतं. काहीही घेतलंत तरी सगळ्या पोस्ट बाहेर काढून घेता येतात का, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

आमचं काम कसं चालतं तर आम्ही सगळ्या ऑफिसला एकदम लावत नाही. एकमेकांवर अवलंबून असलेले दोन विभाग घेतो, जसे सेल्स आणि डिस्पॅच, तिथे महिनाभर चालवतो आणि मग लोकांनाच विचारतो की काय सापडलं, काय त्रास झाला. उपयोग दिसला नाही तर तिथेच थांबतो, पुढचं बिल नाही. पहिल्या भेटीला येताना फक्त एक करा, मागच्या आठवड्यात ऑफिसमध्ये "हे कुणाला माहीत आहे" असं कुणीही विचारलेले चार-पाच प्रश्न कागदावर लिहून आणा, आणि प्रत्येकासमोर उत्तर शेवटी कुणाकडे मिळालं आणि किती वेळाने मिळालं तेही. आपण तिथूनच बोलायला सुरुवात करू.